बर्फावर पकड मिळवणारा माणूस : जोसेफ-आर्मंड बॉम्बार्डियर



गेल्या सत्रात आमच्या कार्यालयातले भिंतीवरचे घड्याळ बंद पडले. ते दुरुस्तीला पाठवायचे म्हणून टेबलावर काढून ठेवले होते. मधल्या सुट्टीनंतर पाहतो तर घड्याळ उघडलेले, चक्रे एका कागदावर ओळीने मांडलेली आणि आठवीतला एक विद्यार्थी त्यांच्याकडे एकटक पाहत बसलेला. शिपाईमामांनी त्याला हाताला धरून आमच्यापुढे उभे केले. आम्ही त्याला रागावलो. पालकांना बोलावून घेतले. वडील फार वाईट वाटून घेऊन म्हणाले की हा घरीही असेच करतो, रेडिओ उघडतो, पंखा उघडतो, गणितात मात्र पस्तीसच्या वर जात नाही. सर, तुम्हीच याला समजवा, असे सांगून ते गेले. त्या दिवशी आम्ही समजावले खरे, पण रात्री मनाला चैन पडेना. कारण घड्याळाची चक्रे काढून खेळणी करणाऱ्या एका मुलाची गोष्ट आम्ही पूर्वी वाचली होती. ती गोष्ट आज या अंकात सांगावी असे ठरवले.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आणि यंत्रशास्त्र हा आमचा विषय नव्हे. तेव्हा लिहिण्यात काही उणे राहिल्यास आपण सांभाळून घ्यावे.

ज्या माणसाची ही गोष्ट आहे त्याचे आडनाव आपल्या वडोदऱ्याला नवीन नाही. सावलीच्या बाजूला रेल्वेचे आणि मेट्रोचे डबे बनवणारा मोठा कारखाना आहे, तो २००८ साली सुरू झाला तेव्हा त्यावर बॉम्बार्डियर हे नाव होते. दिल्ली मेट्रोचे कितीतरी डबे इथून गेले. २०२१ मध्ये त्या कंपनीचा रेल्वे विभाग अल्स्टॉम या फ्रेंच कंपनीने घेतला आणि पाटी बदलली. परंतु आमच्या काही पालकांच्या बोलण्यात अजूनही जुनेच नाव येते. ते नाव मुळात एका खेडेगावच्या गॅरेजवाल्याचे आहे आणि त्याने आयुष्यात एकही रेल्वेचा डबा बनवला नाही, हे फार थोड्यांना माहीत असेल. त्याने बनवली ती बर्फावर चालणारी गाडी.

बालपण

कॅनडा देशात क्वेबेक नावाचा प्रांत आहे. तिथले लोक फ्रेंच बोलतात. या प्रांतातल्या व्हॅलकोर्ट नावाच्या छोट्या गावात १६ एप्रिल १९०७ रोजी जोसेफ-आर्मंडचा जन्म झाला. वडील आल्फ्रेड शेतकरी होते, पुढे त्यांनी गावात दुकान काढले. आईचे नाव अ‍ॅना. आठ भावंडांत हा सर्वांत थोरला.

आपण वडोदऱ्याचे लोक. उन्हाळ्यात पारा ४२ अंशांवर जातो आणि हिवाळ्यात दहाच्या आसपास आला की आपण कानटोपी काढतो. क्वेबेकमध्ये हिवाळा चार-पाच महिने असतो, तापमान शून्याखाली वीस अंशांपर्यंत जाते आणि माणूस बुडेल एवढा बर्फ रस्त्यांवर साचतो. त्या काळी नवीन आलेल्या मोटारी लोक थंडी पडताच छपरात ठेवून देत आणि पुन्हा घोडा आणि घसरगाडी बाहेर काढत. गावातून शहरात जायचे म्हणजे दिवस मोडायचा. आजारी माणसाचे हाल तर विचारूच नका.

लहान आर्मंडला खेळणी विकत मिळत नव्हती असे नाही, पण त्याला ती स्वतःच करायला आवडत. जुन्या घड्याळांची चक्रे आणि स्प्रिंगा काढून तो चालत्या गाड्या करी. एकदा त्याने छोटे वाफेचे इंजिन तयार केले आणि मावशीच्या सूत कातायच्या चरख्याला जोडले. चरखा एवढ्या वेगाने फिरू लागला की घरात धांदल उडाली. वडिलांना कौतुक होते आणि काळजीही होती. मुलगा हातपाय तोडून घेईल ही ती काळजी.

तो पंधरा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला फोर्ड मॉडेल टी गाडीचे एक निकामी झालेले इंजिन दिले. हेतू एवढाच की मुलाने ते खोलावे, जोडावे आणि घरातल्या चांगल्या यंत्रांना हात लावू नये. मुलाने ते इंजिन चालू केले. मग दोन घसरगाड्या एकामागे एक जोडल्या, त्यावर इंजिन बसवले आणि मागच्या बाजूला लाकडातून कोरलेला विमानासारखा पंखा लावला. ३१ डिसेंबर १९२२ या दिवशी आर्मंड आणि त्याचा धाकटा भाऊ लेओपोल्ड या गाडीवर बसून गावाच्या रस्त्यावरून सुमारे एक किलोमीटर गेले. इंजिनाचा आवाज ऐकून लोक दारात आले. मागचा पंखा उघडा गरगरत होता, कोणी जवळ आले असते तर अनर्थ झाला असता. वडिलांनी गाडी त्याच दिवशी मोडायला लावली.

वडिलांची चूक होती असे आम्हाला वाटत नाही. पालकाने असेच करायला हवे होते. पण त्यांनी गाडी मोडायला लावली, मुलाचे मन मोडले नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पाद्री की मिस्त्री

घरच्यांची इच्छा होती की थोरल्याने पाद्री व्हावे. त्या समाजात त्याहून मोठा मान नव्हता. आज आपल्याकडे जसे डॉक्टर आणि इंजिनीअरचे आहे तसेच समजा. त्याला शेरब्रुक शहरातल्या धार्मिक विद्यालयात घातले होते. मुलगा आज्ञाधारक होता, शिकला, पण मन यंत्रात. सतराव्या वर्षी त्याने वडिलांना मनातले सांगितले आणि वडिलांनी ते ऐकले. त्याला जवळच्या गावी एका गॅरेजमध्ये उमेदवारीला ठेवण्यात आले. नंतर तो माँट्रियल शहरात गेला. दिवसा गॅरेजमध्ये काम आणि रात्री यंत्रविद्येचे व विजेचे वर्ग, असा त्याचा क्रम होता. मोठ्या विद्यापीठाची पदवी त्याने कधीच घेतली नाही.

१९२६ साली, एकोणिसाव्या वर्षी, वडिलांकडून पैसे उसने घेऊन त्याने व्हॅलकोर्टमध्ये स्वतःचे गॅरेज काढले. थोड्याच वर्षांत सर्व पैसे परत केले. मोटारी, मळणीयंत्रे, पंप, जे येईल ते तो दुरुस्त करी. लागणारी हत्यारे पुष्कळदा स्वतः घडवी. दुसऱ्यांनी सोडून दिलेले काम व्हॅलकोर्टला नेले की होते, अशी पंचक्रोशीत ख्याती झाली. १९२९ मध्ये इव्हॉन लाब्रेक हिच्याशी त्याचा विवाह झाला.

उन्हाळ्यात गॅरेजमध्ये गर्दी असे. हिवाळ्यात मोटारी बंद, म्हणून कामही बंद. त्या रिकाम्या महिन्यांत आर्मंड जुनाच ध्यास घेऊन बसे की बर्फावर चालेल अशी गाडी का होऊ नये. त्याने एकामागून एक नमुने केले. काही फार जड झाले आणि बर्फात रुतले. काहींचे इंजिन तापले. काहींचे पट्टे थोड्या अंतरावरच तुटले. दहा वर्षे हेच चालले होते.

१९३४चा हिवाळा

आता जे सांगायचे आहे ते लिहिताना आमचा हात जड होतो.

१९३४च्या हिवाळ्यात आर्मंड आणि इव्हॉन यांचा दोन वर्षांचा मुलगा इव्हॉन आजारी पडला. त्याला अपेंडिक्सचा विकार झाला होता आणि तो पोटात पसरला. तातडीने शस्त्रक्रिया हवी होती. रुग्णालय शेरब्रुकला, सुमारे पन्नास किलोमीटर दूर. रस्ते बर्फाखाली गडप झालेले. बापाच्या कार्यशाळेत बर्फावर चालणारी गाडी होती, पण सुट्ट्या भागांच्या रूपात. ती जोडलेली नव्हती, चालण्याजोगी नव्हती. मुलाला रुग्णालयात नेता आले नाही आणि ते बाळ गेले.

आपल्या शहरातल्या मुलांनी बर्फ पाहिलेला नाही, पण २०१९ चा आणि ऑगस्ट २०२४ चा विश्वामित्रीचा पूर पाहिला आहे. गल्लीत छातीएवढे पाणी भरले की चार चौक पलीकडचा दवाखाना परदेशासारखा दूर होतो, हे आता कुणाला समजावून सांगायला नको. क्वेबेकच्या खेड्यांत असे प्रत्येक वर्षी आणि चार-चार महिने होत असे.

या दुःखानंतर आर्मंड काय बोलला हे सांगण्यापेक्षा त्याने काय केले हे सांगणे योग्य. तो कार्यशाळेत परत गेला.

पट्टा आणि दातेरी चाक

अडचण कुठे होती ते विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. मऊ बर्फावर गाडी दोन कारणांनी अडते. पहिले, वजन थोड्याशा जागेवर पडते म्हणून चाक रुतते. चिखलात फळी टाकून चालले की पाय रुतत नाही, कारण वजन पसरते. चाकाऐवजी लांब-रुंद पट्टा फिरवला तर हेच साधते. दुसरे, पट्टा फिरवणाऱ्या चाकाची आणि पट्ट्याची एकमेकांवर पकड राहिली पाहिजे. ओल्या बर्फात पट्टा चाकावरून घसरे. लोखंडी भाग वापरले तर त्यांना बर्फ चिकटून गोठे आणि सगळे यंत्र जड होऊन अडकून बसे.

१९३५ मध्ये त्याला उत्तर सापडले. त्याने दातेरी चाक रबराने मढवले आणि रबरी पट्ट्यांना आडव्या पोलादी पट्ट्या बसवल्या. चाकाचे दाते त्या पट्ट्यांमधल्या जागेत बसत आणि पट्टा ओढला जाई. रबर वाकते, म्हणून त्यावर चिकटलेला बर्फ फिरताना आपोआप गळून पडतो. पुढे दोन घसरपट्ट्या दिशा देण्यासाठी आणि मागे हा पट्टा, अशी गाडीची रचना झाली. २९ जून १९३७ रोजी या योजनेला कॅनडाचे पेटंट मिळाले.

पहिल्या विकाऊ गाडीचे नाव बी-७. बी म्हणजे बॉम्बार्डियर आणि सात म्हणजे सात माणसे. गाडी बंदिस्त होती, आत बसून थंडीवाऱ्यात जाता येई. पहिले ग्राहक कोण होते पाहा. खेड्यापाड्यांतले डॉक्टर, गुरांचे डॉक्टर, पाद्री, टपालवाले, तारा दुरुस्त करणारे आणि हॉटेलवाले. ज्या डॉक्टरांना १९३४ साली आजाऱ्यापर्यंत पोहोचता येत नव्हते, ते आता त्याच्या गाडीत बसून जाऊ लागले. कितीतरी बाळंतिणी आणि किती मुले या गाड्यांनी वाचली असतील याचा हिशेब कुणी ठेवला नाही. त्याचे स्वतःचे मूल मात्र त्यात नव्हते.

मागणी वाढली आणि गॅरेजचा कारखाना झाला. १९४२ मध्ये कंपनीची रीतसर नोंदणी झाली. त्याच सुमारास बारा माणसांची बी-१२ आली. तिच्या गोल खिडक्या जहाजासारख्या दिसत. ती अडीच हजारांहून अधिक बनली. शाळेच्या मुलांसाठी आणखी मोठी सी-१८ केली. बर्फामुळे शाळा बुडवण्याची सोय त्यामुळे राहिली नाही, हे आमच्या विद्यार्थ्यांना फारसे आवडणार नाही! दुसऱ्या महायुद्धात त्याने सैन्यासाठी एक हजार नऊशेहून अधिक पट्टेवाल्या गाड्या बनवून दिल्या.

रस्ते साफ झाले आणि धंदा बसला

युद्ध संपल्यावर एक वेगळेच संकट आले. १९४८च्या सुमारास क्वेबेक सरकारने ग्रामीण रस्त्यांवरचा बर्फ हिवाळाभर साफ करण्याचे धोरण घेतले. लोकांसाठी ही आनंदाची गोष्ट होती. साध्या मोटारी हिवाळ्यातही धावू लागल्या. पण मग बर्फावरची मोठी गाडी कोण घेणार? विक्री एका वर्षात कितीतरी खाली आली.

अशा वेळी पुष्कळ माणसे सरकारला दोष देत बसतात. आर्मंडने विचार केला की आपल्याकडे गाडी आहे असे समजण्यात चूक आहे, आपल्याकडे पट्टा आहे. मऊ जमिनीवर पकड मिळवण्याची विद्या आपल्याकडे आहे आणि मऊ जमीन म्हणजे फक्त बर्फ नव्हे. त्याने ट्रॅक्टरच्या चाकांवर चढवता येईल असा पट्टा केला. १९५०च्या दशकात मस्केग नावाचे वाहन काढले. कॅनडाच्या उत्तरेकडे दलदलीचे प्रचंड प्रदेश आहेत, त्यांना तिकडे मस्केग म्हणतात. तेल शोधणारे, विजेचे खांब उभे करणारे, जंगलात काम करणारे असे सर्व हे वाहन घेऊ लागले. कंपनी पुन्हा उभी राहिली.

बाप आणि लेक

इतकी वर्षे एक जुने स्वप्न मात्र तसेच होते. पंधराव्या वर्षी त्याला बारा माणसांची गाडी नव्हती करायची. त्याला एक-दोन माणसांची, हलकी, बर्फावरून पळणारी गाडी हवी होती. दोन गोष्टी अडवत होत्या. एक म्हणजे हलके आणि भरवशाचे इंजिन, ते १९५०च्या दशकाच्या अखेरीस बाजारात मिळू लागले. दुसरी म्हणजे पट्टाच. तुकडे जोडून केलेला पट्टा जोडावर तुटतो. पिशवी जशी शिवणीवर उसवते तसेच ते.

हे कोडे त्याच्या थोरल्या मुलाने, जर्मेनने, सोडवण्यास हातभार लावला. १९५७ च्या सुमारास त्याने विनाजोड, अखंड रबरी पट्टा तयार केला. त्यात आडव्या पोलादी सळ्या बसवलेल्या होत्या. शिवणच नाही तर उसवणार कुठे? वडिलांना हवा होता तसा हलका आणि टिकाऊ पट्टा हाती आला.

१९५९ मध्ये छोटी गाडी बाजारात आली. सुरुवातीचा एक नमुना आर्मंडने आपल्या ओळखीच्या मॉरिस विमेट या पाद्र्यांना दिला. ते ओंटारिओ प्रांताच्या उत्तरेला आदिवासी वस्त्यांमध्ये काम करीत आणि कुत्र्यांच्या घसरगाडीने हिंडत. कुत्र्यांची जागा घेणारी म्हणून गाडीचे नाव स्की-डॉग ठरले होते. छपाईतल्या चुकीमुळे ते स्की-डू झाले असे सांगतात, आणि तेच कायम राहिले. पहिल्या हंगामात २२५ गाड्या विकल्या गेल्या. चार वर्षांत हा आकडा आठ हजारांवर गेला. आपल्यापैकी जे गुलमर्गला किंवा मनालीकडे सोलंगला गेले असतील त्यांनी तिथे पर्यटकांना फिरवणाऱ्या स्नो स्कूटर पाहिल्या असतील. त्या सर्व याच घराण्यातल्या.

१८ फेब्रुवारी १९६४ रोजी कर्करोगाने आर्मंडचे निधन झाले. वय ५६. त्याच्या नावावर चाळीस पेटंटे होती. पुढे कंपनी मुलांकडे आणि जावयाकडे गेली. खनिज तेलाच्या टंचाईने १९७३ नंतर या गाड्यांचा खप कोसळला, तेव्हा कंपनीने १९७४ मध्ये माँट्रियलच्या मेट्रोचे डबे बनवण्याचे काम घेतले आणि तिथून तो रस्ता शेवटी आपल्या सावलीपर्यंत आला. व्हॅलकोर्ट गावात आज त्याच्या नावाचे संग्रहालय आहे.

पट्ट्यातले खिळे

त्याच्या पश्चात या गाड्यांचे काय झाले तेही सांगतो, कारण त्यात आमच्या मते या गोष्टीचे सार आहे.

गाड्या हलक्या आणि वेगवान झाल्या, तसे लोक त्या गोठलेल्या तळ्यांवर आणि नद्यांवर नेऊ लागले. मऊ बर्फात रबरी पट्ट्याच्या कडा रुततात आणि पकड मिळते. पण तळ्यावरचा बर्फ काचेसारखा कठीण. तिथे पट्टा जागच्या जागी फिरतो आणि, त्याहून वाईट, ब्रेक दाबल्यावर गाडी थांबत नाही. म्हणून पट्ट्यात टोकदार धातूचे खिळे बसवण्याची पद्धत आली. त्यांना स्टड म्हणतात. निसरड्या वाटेवर बैल घसरू नये म्हणून आपण खुरांना नाल ठोकतो, त्यातलाच हा प्रकार.

आता खिळा किती टिकेल हा प्रश्न. साध्या पोलादाचा खिळा बर्फावर चालतो, पण वाटेत डांबरी रस्ता, खडी किंवा रेल्वेचा फाटक ओलांडावा लागला की त्याचे टोक लवकर बोथट होते. बोथट खिळा बर्फात शिरत नाही, वर नुसता घसरतो. म्हणून टोकाला टंगस्टन कार्बाइडचा तुकडा बसवतात. हा पदार्थ पोलादापेक्षा कितीतरी कठीण, झिजता झिजत नाही. पण त्यातही खोट आहे. जे फार कठीण असते ते ठिसूळ असते, दगडावर जोरात आदळले तर टवका उडतो. म्हणून टोक कार्बाइडचे आणि अंग पोलादाचे असा मेळ घालतात. टोक झीज सोसते आणि अंग धक्का सोसते.

खिळ्याची लांबीही बेताची हवी. पट्ट्याच्या कडांपेक्षा थोडाच बाहेर डोकावला पाहिजे. फार लांब असला तर तो वाकतो आणि मुळाशी रबराला हिसके देतो. आखूड असला तर बर्फाला टेकतच नाही. सगळे खिळे एका रेषेत बसवले तर मागचा खिळा पुढच्याने पाडलेल्या चरातच पडतो आणि पकड मिळत नाही. म्हणून ते विखरून बसवतात, म्हणजे प्रत्येक खिळा नव्या जागी बर्फ पकडतो. रबराला भोक पाडून खिळा आत बसवतात आणि दुसऱ्या बाजूने रुंद तबकडी व नट लावतात. तबकडीमुळे ओढ थोड्या जागेवर न पडता पसरते. नट सैल झाला की खिळा डुलू लागतो, डुलता डुलता भोक मोठे करतो आणि एक दिवस रबर फाडून बाहेर पडतो. म्हणून जाणकार लोक अधूनमधून नट तपासतात.

यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. खिळा कितीही उत्तम असो, तो ज्या रबरात बसला आहे ते कमकुवत असेल तर खिळ्याचा काही उपयोग नाही. पुष्कळ खिळे मारले म्हणजे पकड वाढते असेही नाही. एका मर्यादेनंतर प्रत्येक नवे भोक पट्ट्याला कमजोरच करते. शिवाय आपली पकड दुसऱ्याला इजा करणारी नसावी. अमेरिकेतल्या मिनेसोटासारख्या राज्यात डांबरी पायवाटांवर खिळ्यांच्या गाड्या न्यायला बंदी आहे, कारण खिळे रस्ता ओरबाडतात.

शिक्षणातही आम्हाला हेच दिसते. शिकवणीचे वर्ग, चाचण्या, सराव परीक्षा, स्पर्धा परीक्षा हे सगळे खिळे आहेत. आवश्यक आहेत, आम्ही त्यांच्या विरुद्ध नाही. परंतु ज्या मुलात ते ठोकायचे त्याची आवड, त्याची उमेद, त्याच्या हातातले कसब हे रबर आहे. रबर सांभाळले नाही आणि नुसते खिळे ठोकत गेलो, तर दहावीपर्यंत मूल टिकेलही, पण पुढे फाटेल.

आमची विनंती

हे शहर सयाजीराव महाराजांचे आहे. त्यांनी १८९० मध्ये इथे कलाभवन सुरू केले, ते हाताने काम करणाऱ्यांना विद्या मिळावी म्हणून. दादासाहेब फाळके त्या कलाभवनाचेच विद्यार्थी. ज्या शहरात सव्वाशे वर्षांपूर्वी एका राजाला कारागिरीचे मोल कळले होते, त्या शहरात पंखा उघडणाऱ्या मुलाला आम्ही फक्त रागवावे हे शोभत नाही.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे आम्ही एक नम्र विनंती ठेवत आहोत. तळमजल्यावरची जुनी बाके ठेवायची खोली रिकामी करून तिथे एक छोटी कार्यशाळा करावी. फार खर्च नाही. दोन मजबूत टेबले, काही हत्यारे, आणि आपल्या घरात बंद पडलेली घड्याळे, पंखे, मिक्सर, सायकली. शनिवारी शाळा सुटल्यावर दीड तास, शिक्षकांच्या देखरेखीखाली. आमच्या पालकांत कारखान्यांत काम केलेले, आता निवृत्त झालेले कितीतरी कुशल कारागीर आहेत. त्यांनी आठवड्याला एक तास दिला तरी मुलांचे भाग्य.

पालकांना एकच सांगणे. मुलाने काही उघडले तर जरूर रागवा, विजेचा प्लग काढला होता का ते आधी विचारा, आल्फ्रेड बॉम्बार्डियरसारखी धोक्याची गाडी मोडायलाही लावा. पण ते बंद पडलेले इंजिन त्याच्या हातात देणारेही तेच वडील होते, हे विसरू नका. त्यांनी दोन्ही केले.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला सांगायचे ते असे. आर्मंडला दहा वर्षे अपयश आले, त्यात एका हिवाळ्यात त्याचे सर्वांत मोठे नुकसान झाले. ज्या रस्त्याने त्याला अडवले तोच रस्ता त्याने इतरांसाठी मोकळा केला. गणित कच्चे असेल तर ते पक्के करा, कारण दातेरी चाकाचे दाते मोजायलाही गणित लागते. मात्र हातातले काम हलके समजू नका.

कार्यालयातले ते घड्याळ आम्ही दुरुस्तीला पाठवले नाही. गेल्या सोमवारी त्या मुलाला बोलावून कागदाच्या पुडीतली चक्रे त्याच्या हवाली केली आणि आठ दिवसांची मुदत दिली. हा अंक छापायला जाईपर्यंत मुदत संपलेली नाही. घड्याळ चालले तर उत्तमच. न चालले तर कार्यशाळेत उघडायला पहिली वस्तू आमच्याकडे तयार आहे.